अनुभव धागा : कंपवात घरात आला, आता हात कधी धरायचा आणि कधी सोडायचा?

आबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन सात वर्षं झाली. वय 74. पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावाला फेरी मारणं हा त्यांचा जुना नेम. मागच्या पावसाळ्यात पदपथावर तोल गेला, कपाळाला तीन टाके पडले. त्याच संध्याकाळी मी फाटकाला कुलूप लावलं. पंधरा दिवसांत आबांचं बोलणं कमी झालं, पावलं आणखी आखडली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चालणं बंद केलंत तर पाय आणखी अवघडतील, पडायचा धोका वाढेल." आणि एका रात्री आबाच म्हणाले, "पडलो तर पडू दे की रे. पण मला असं कोंडून घालू नगंस."

आता आमचं ठरलंय. गोळीचा असर सुरू झाल्यावरच निघायचं, उजेड पडू द्यायचा, तलावाकाठच्या संध्यामठापर्यंत जाऊन परत फिरायचं. फोन खिशात, लोकेशन माझ्याकडं चालू. पाऊस असला की घरीच. तरी ते परत येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नाही.

तुमच्याकडं काय ठरलं, काय चुकलं, लिहा. ज्यांना आजार आहे त्यांनी स्वतः लिहिलं तर फार बरं होईल. एरवी त्यांच्याबद्दल आपणच बोलत असतो.

राजारामपुरीतून

मी स्वतः रुग्ण आहे. निवृत्त शिक्षिका, वय 66. ब्लाउजचे हूक दुसऱ्यानं लावले तर मला वाईट वाटत नाही. मी लावत असताना कुणी समोर उभं राहून वाट बघितली की जीव कानकोंडा होतो. आता हुकांच्या जागी वेलक्रो लावून घेतलंय आणि आवरायला अर्धा तास आधी उठते.

स्वयंपाकघराचं जरा सविस्तर लिहिते. एकदा कढईतलं तेल मनगटावर सांडलं आणि सूनबाईनं मला गॅसजवळ यायला बंदी केली. तिची भीती खरी होती, मी तिला दोष देत नाही. पण चाळीस वर्षं भाकरी केलेल्या बाईनं ताटावर बसून वाट बघायची? मग वाटणी केली. पीठ मळणं आणि थापणं माझं, तव्यावर टाकणं तिचं. माझा हात रिकामा मांडीवर असला की थरथरतो, कामाला लागला की कंप बराच कमी होतो. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवला की बोटं आपोआप फिरायला लागतात. काठ फाटतात थोडे, पण भाकरी फुगते.

न्हाणीची आतली कडी काढायला मात्र मी तीन महिने नाही म्हटलं. शेवटी बाहेरून उघडता येईल असं लॉक बसवलं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, खाली प्लास्टिकची खुर्ची. दार माझंच, मी लावते.

मंगळवार पेठेतून

आमचे वडील तालमीतले. त्यांचे पाय उंबऱ्यात चिकटतात, जागचे हलत नाहीत. आम्ही घाबरून हाताला धरून ओढायचो आणि त्यानंच ते पुढं तोंडावर जायचे. ओढू नका, हे सगळ्यांना कळकळीनं सांगतो. थांबायचं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगायचं, मग ताल द्यायचा. मी फोनवर हलगी लावतो. पहिल्या ठेक्यालाच पाऊल उचललं जातं. उंबऱ्याच्या अलीकडं लाल पट्ट्या चिकटवल्यात, त्या ओलांडत ते एकटे अंगणात येतात.

गंगावेशीतून

काकांचा रात्री दूध कट्ट्यावरचा धारोष्ण दुधाचा पेला चुकत नव्हता. मग कळलं की प्रथिनं आणि लेव्होडोपाची (कंपवातावरच्या औषधाची) गोळी आतड्यातून एकाच वाटेनं शोषली जातात, म्हणून दुधाबरोबर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही. आम्ही दूधच तोडलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. डॉक्टरांना विचारून आता गोळी आधी आणि दूध तासाभरानं. मित्रांबरोबर बसणंही टिकलं.

शाहूपुरीतून

मी जरा वेगळं लिहिते. मिस्टरांची स्कूटर मी काढून घेतली नाही, त्यांचा मान म्हणून. लक्ष्मीपुरीत ब्रेकवरची बोटं वेळेत आवळली गेली नाहीत आणि गाडी एका भाजीवाल्या मावशींच्या पायावर गेली. घोटा मोडला. दीड महिना त्यांचा धंदा बंद. खर्च आम्ही दिला, पण ते दिवस कसे भरून देणार? स्वतःला लागेल तेवढा धोका त्यांनी पत्करला तर मी समजू शकते. रस्त्यावर तो धोका दुसऱ्यालाही असतो. गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना लवकर विचारा, मी उशीर केला. किल्ली त्यांनी स्वतःच आणून दिली. आता ठरलेले रिक्षावाले मामा आहेत, मंडईत पिशवी घेऊन हेच उतरतात.

कळंब्यातून

आई एकटी राहते, मी पुण्यात. रात्री उठताना रक्तदाब एकदम उतरून ती दोनदा पडली. आता पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसते, मगच उभी राहते. सकाळी सातला खिडकीचा पडदा सरकवते. पडदा दिसला नाही तर शेजारच्या वहिनी किल्ली घेऊन येतात. कॅमेरा लावायला तिनं नकार दिला, मी मान्य केलं. पहिले काही दिवस मला झोप नव्हती.

धागाकर्ता

सगळं आबांना वाचून दाखवलं. भाकरीचं दोनदा वाचायला लावलं. मग हलगी लावून बघ म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारातून न अडकता बाहेर आले. लगेच पुढची मागणी : शुक्रवारी अंबाबाईला जायचंय, काठी घेऊन, मी बरोबर पण हात न धरता. गर्दी टाळून भल्या पहाटे जायचं ठरतंय. घाटी दरवाजानं जावं की महाद्वारानं? पायऱ्या आणि उंबरे कुठून सोपे पडतात, कुणी अशा माणसाला घेऊन गेलं असेल तर गुरुवारपर्यंत सांगा.