मदत हवी आहे: मुलीसाठी फुलाचं वेगळं नाव

जाई, जुई, केतकी, शेवंती, अबोली आमच्या नात्यात आधीच आहेत. बकुळ, नेवाळी, नभाळी फार आवडली, पण आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो, तिथे 'ळ'चा 'ल' होतो. त्यामुळे 'ळ' नको, जोडाक्षर नको, तीन अक्षरांपर्यंतच हवं. राशीच्या अक्षराची अट नाही. जन्मनोंदीत वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, म्हणून घाईही नाही.

सध्या मन सुरंगीवर आहे: कोकणातलं, फांदीला चिकटून फुलणारं, वाळल्यावरही दरवळणारं. पण शाळेत 'सुरुंग' म्हणून चिडवतील का? सोनकी सुंदर, पण टोपणनावासारखं वाटतं.

सह्याद्रीतलं किंवा कोकणातलं, गावातली माणसं खरोखर वापरतात असं आणखी कुठलं फूलनाव या अटींत बसेल? ते कधी फुलतं?