बाबांसाठी राजम्याचं झणझणीत डिप: मीठ कमी, तिखट पुरेपूर

रानमोगरा

माझ्या बाबांना राजम्याचं तिखट डिप फार आवडतं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून विकतचं बंद केलंय आणि मी घरीच करते. चिप्सही बंद, आता गाजर-काकडीच्या फोडींसोबत खातात.

सुका लाल राजमा रात्रभर भिजवते, कुकरला शिजवते, मग लसूण, लाल तिखट, भाजलेलं जिरं, लिंबू घालून मिक्सरमधून काढते. पण मीठ कमी केल्यापासून चव अगदी सपाट लागते. तिखट वाढवलं तर नुसता घसा जळतो, चव काही येत नाही. शिवाय बाबांना कवळी आहे, राजम्याची सालं तिच्याखाली अडकतात. आणि करताना छान सैल असलेलं डिप फ्रिजमध्ये ठेवलं की गोळा होतं.

बाबा तक्रार करत नाहीत, वाटी रिकामी करून देतात. पण पूर्वी ते दुसऱ्यांदा मागून घ्यायचे, आता घेत नाहीत. काय बदलू?

उंबरठा

सालांसाठी राजमा शिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाला, लोण्यासारखा शिजतो. आणि कधी डब्यातला तयार राजमा वापरलात तर त्यातलं पाणी ओतून देऊन दाणे नळाखाली नीट धुवा, मीठ बरंच कमी होतं.

निळीशाई

रानमोगरा, माझ्या आईचं मीठ बंद झालं तेव्हापासून हे डिप मी तिच्यासाठी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सोड्याबद्दल. उंबरठा, एरवी तुमचं बरोबर आहे, पण इथे नको. सोड्यातही सोडियमच असतं, पाव चमच्यात साधारण 300 मिलिग्रॅम. दिवसभराची मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची, त्यातलं एवढं सालं मऊ करण्यात कशाला घालवायचं? राजमा नेहमीपेक्षा जास्त शिजवा, बोटांत धरला की पीठ व्हायला हवा. गरम असतानाच वाटा आणि सूप गाळायच्या चाळणीतून डावाच्या पाठीने दाबून काढा. सालं वर राहतात, खाली रेशमासारखं डिप पडतं. वेळ लागतो, पण कवळी असलेल्या माणसासाठी ही पायरी गाळू नका.

आता तिखट. एकाच वेळी एकच तिखट घातलं की नुसती आग होते. मी तीन टप्प्यांत घालते. दोन मोठे चमचे तेलात कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा, मग लसूण, जिरं. गॅस बंद करून, तेल जरा निवलं की लाल तिखट, म्हणजे ते करपत नाही आणि रंग-वास तेलात उतरतो. दुसरा टप्पा धुराच्या वासाचा: चिपोटले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो, गरम पाण्यात भिजवून वाटून घालायची, किंवा स्मोक्ड पाप्रिका. मिठाची उणीव हा धुरकट वास जेवढी भरून काढतो तेवढी दुसरी कुठलीच गोष्ट काढत नाही, असं माझं ठाम मत आहे. तिसरा टप्पा, ताजी मिरची अगदी बारीक चिरून, शेवटी. घसा जळत असेल तर मिरचीतला पांढरा गाभा काढून टाका. खरा जाळ त्या गाभ्यात असतो, बियांना तो तिथूनच लागतो. व्हिनेगरमधल्या बाटलीतल्या मिरच्या मात्र घेऊ नका, त्या मिठातच मुरलेल्या असतात.

तिखटपणा तेलात विरघळतो आणि राजम्याचं पीठ त्याला धरून ठेवतं, त्यामुळे वाटल्या वाटल्या घेतलेली चव खरी नसते. अर्धा तास ठेवा, मग ठरवा.

लिंबू नेहमीपेक्षा सढळ हाताने पिळा, पण राजमा पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणे मऊ होत नाहीत, हेच टोमॅटोचंही.

आणि जे चिमूटभर मीठ चालतं, ते डिपमध्ये ढवळू नका. वाढताना वरून भुरभुरवा. जिभेला आधी तेच लागतं, त्यामुळे तेवढंच मीठ जास्त जाणवतं. आईच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीने पडला.

गोळा होण्याचं कारण राजम्यातला स्टार्च, गार झाला की तो घट्ट धरतो. शिजवलेलं पाणी फेकू नका. हवंय त्यापेक्षा थोडं सैल वाटा आणि खाताना दोन चमचे गरम पाणी घालून फेटा.

रानमोगरा

निळीशाई, किती मनापासून लिहिलंत! वरून मीठ ही गोष्ट मला सुचलीच नसती. आणखी दोन शंका: बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते वापरू का? आणि आठवड्याभराचं एकदम करून ठेवलं तर? स्लो कुकर आहे, रात्री लावून सकाळी वाटता येईल.

कडेकपारी

स्लो कुकरमध्ये सुका लाल राजमा थेट शिजवू नका, कृपया. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, त्याने जोरदार उलट्या होतात, आणि मंद आचेवर ते नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळायलाच हवं. तुमचा प्रेशर कुकर त्याहून तापतो, तोच चालू ठेवा.

कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. बाबांच्या गोळ्यांची नावं सांगून डॉक्टरांना विचारा, त्याआधी आणू नका.

निळीशाई

कडेकपारींना पूर्ण अनुमोदन. आठवड्याभराचं करा, पण फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांचंच ठेवा. पसरट भांड्यात लवकर गार करून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. उरलेलं वाटीभराच्या डब्यांत फ्रीजरला टाका, आदल्या रात्री एक डबा खाली फ्रिजमध्ये काढायचा. ताजी मिरची आणि लिंबू मात्र गोठवण्याआधी घालू नका, दोन्ही त्याच दिवशी, वाढायच्या अर्धा तास आधी.