मदत हवी आहे: पॉवर बीआयमध्ये तारीख आणि महिन्याची अदलाबदल

नमस्कार मंडळी, भोसरीतल्या एका वर्कशॉपचा डिस्पॅच रिपोर्ट मी पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) करते. एप्रिल २०२५ चा डेटा घेतला, तर माल चक्क ४ डिसेंबरला गेल्याचं दिसतंय! मूळ चलन (मालासोबत जाणारी पावती) १२ एप्रिलचं आहे.

शोधलं तेव्हा कळलं, गोडाऊनच्या एका कॉम्प्युटरची रीजनल सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. तिथल्या एक्सेलमध्ये १२/०४/२०२५ लिहिलं की ते ४ डिसेंबर होतं. १३ पासून पुढच्या तारखा मात्र, तेरावा महिनाच नसल्यामुळे, नुसता मजकूर म्हणून राहतात. कॉलम नीट बघितला तर हे दिसतंच: मजकूर डावीकडे चिकटलेला, तारखा उजवीकडे. म्हणजे एप्रिलचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरले, प्रत्येक महिन्याच्या ४ तारखेला.

पॉवर क्वेरीतली (पॉवर बीआयचा डेटा साफ करायचा भाग) आपोआप आलेली 'चेंज्ड टाइप' पायरी, म्हणजे कॉलमचा प्रकार ठरवणारी, काढून 'यूजिंग लोकेल'मध्ये (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते) इंग्लिश इंडिया निवडलं. मजकूरवाल्या ओळी लगेच सुधारल्या. पण आधीच उलटलेल्या तारखा तशाच, आणि त्यावर एररही येत नाही. मला खरी भीती त्याचीच वाटते.

कस्टम कॉलममध्ये (स्वतः सूत्र लिहून केलेला कॉलम) दिवस-महिना उलटवता येईल, पण त्याच फाइलमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या बरोबर तारखाही आहेत, त्या बिघडतील. चलन नंबर मात्र क्रमाने आहेत. मागच्या-पुढच्या चलनाची तारीख बघून चुकीची ओळ पॉवर क्वेरीत कशी ओळखायची? कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा प्लीज, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय.