सिनेमातली मारामारी सेन्सॉर करावी का? (पोराला घेऊन गेलो नि फसलो)

भांडुपकर_७८:
रविवारी पोराला (वय ९) घेऊन मुलुंडला पिक्चरला गेलो, यूए १६+ होता (म्हणजे १६ खालच्यांनी बघायचा का ते आईबापानं ठरवायचं), म्हटलं आपण सोबत आहोत ना. इंटरव्हलच्या आधी हिरो एकाचा हात मोडतो, पोरानं डोळे नाही झाकले, कान झाकले! रात्री दोनदा उठला. बायको अजून नीट बोलत नाहीये. एवढं दाखवायची गरज असते का? सरळ कापून टाकायला काय होतं?

तर्री_जास्त:
सर्टिफिकेटवर १६ लिहिलेलं, पोरगा ९ चा. चूक कुणाची दादा? सिनेमा कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत यूएचे ७, १३, १६ असे तीन भाग आपल्यासाठीच केलेत. 'ए' सर्टिफिकेटवाल्या पिक्चरला १८ खालच्यांना सोडायचंच नसतं पण यूएला दारावर कोण अडवणार, ते आईबापावरच ठेवलंय.

काळाकोट:
सेन्सॉर बोर्डाला कापायचा अधिकार आहेच, दिग्दर्शक के. ए. अब्बास त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले होते, त्यांच्या मुंबईसकट चार शहरांवरच्या फिल्मला 'ए' दिलेला, पण १९७० साली कोर्टानं आधी तपासणं घटनेत बसतं असंच सांगितलं. माझं मत विचाराल तर वय लिहा नि सोडा, कापू नका. आज रक्त कापतील, उद्या मोर्चावरचा लाठीमार. आणि घरात ओटीटी आहेच, तिथे २०२१ च्या नियमांनी १३+ नि त्यापुढच्याला लॉक द्यावा लागतो, किती जणांनी लावलाय?

साउंडवाला_अंधेरी:
पोरगं बरोबर ओळखतंय हो, भीती आवाजात असते. मी तेच काम करतो. हाड मोडल्याचा आवाज म्हणजे माइकसमोर सेलरीची (जाड देठांची भाजी) जुडी पिळायची, नाही मिळाली तर गाजर, वर ओलं फडकं आपटायचं. दृश्य कापलं नि आवाज ठेवला तर उलट जास्त लागतो, माणूस मनातच चित्र काढतो. त्यामुळे कात्रीवर माझा फारसा विश्वास नाही. त्याला एकदा करून दाखवा.

भांडुपकर_७८:
@तर्री मान्य, चूक माझीच. लॉक काल लावला. @साउंडवाला करून दाखवलं, आता कान झाकत नाही, पण हलव्याला आणलेली किलोभर गाजरं होती त्यातली निम्मी मोडून झालीत आणि बायको आता वेगळ्या कारणाने बोलत नाहीये 😄