प्रतिसाद : संस्थेत शिकावे, पण तिची प्रसिद्धिपत्रके लिहू नयेत
सामाजिक संस्थेत प्रशिक्षण घेणारे पत्रकारितेचे विद्यार्थी अखेर त्या संस्थेची प्रसिद्धिपत्रकेच लिहू लागतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. मात्र तो दोष संस्थेत जाण्याचा नसून तेथे दिल्या जाणाऱ्या कामाचा आहे. उदाहरणार्थ, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तेव्हा तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते आणि 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या पुढे होती, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. असा भागाकार विद्यार्थ्याने स्वतः करावा, मग उन्हाळ्यात टँकरपाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईशी बोलावे आणि ते बोलणे तिच्याच बोलीत नोंदवून गल्लीतल्या भित्तिपत्रात उतरवावे. (भित्तिपत्राला हसू नये, त्यात नाव चुकले तर माणूस त्याच दिवशी दारात येतो.) ऊसतोडीला निघणाऱ्या बीडच्या कुटुंबांबाबतही हेच. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ओळख जरूर करून द्यावी, परंतु मजकूर आधी वाचून बदलण्याचा अधिकार संस्थेकडे नसावा आणि ही अट पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावी.