मदत हवी आहे: 1997 च्या अमेरिकेतल्या व्हीएचएस टेपा वाचवायच्या आहेत

मंडळी, माळ्यावरच्या बॅगेत दोन व्हीएचएस टेपा सापडल्या. वर माझ्याच अक्षरात 'साइट, 97'.

तेव्हा आम्ही सॅन होजेला. नवरा वायटूकेच्या (2000 साल लागताना संगणकात तारखांचा घोळ होऊ नये, त्या) कामात, मी एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे घरात. रोज रात्री एमएसएनबीसीवर तासभर 'द साइट' लागायचा. ही वाहिनी मायक्रोसॉफ्ट आणि एनबीसीने जुलै 1996 मध्ये काढली, तेव्हापासूनचा हा कार्यक्रम. संगणकावरची मासिकं काढणारी झिफ-डेव्हिस कंपनी, ते तो सॅन फ्रान्सिस्कोत बनवायचे. इंटरनेटवर लोक काय करतात, हे मला घरातल्या इंजिनियरपेक्षा त्याने जास्त नीट सांगितलं.

निवेदिका सोलेदाद ओब्रायन. तिच्याशी हुज्जत घालायला कॉफीच्या काउंटरमागे डेव्ह नल नावाचं संगणकावरचं पात्र. पडद्यामागे सेन्सरवाला सूट घालून लिओ लापोर्ट हातवारे करायचा, तसं ते हलायचं. युनिक्स या संगणक प्रणालीत नको असलेला डेटा जिथे ढकलतात, त्या '/dev/null' वरून हे नाव. आमच्याकडे शिळी भाजी अजूनही 'डेव्ह नल' होते! सप्टेंबर 1997 मध्ये कार्यक्रम संपला. नेटवर मला तुकडेच मिळाले, माझ्याकडचे भाग नाहीत.

पुण्यात एका दुकानात पहिली टेप लावली. चित्र काळंपांढरं आणि सारखं वर सरकणारं, आवाज मात्र स्वच्छ. दुकानदार म्हणाला, टेप गेली. दुसरीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते, ती लावलीच नाही. दोन्ही सहा तासांच्या वेगावर भरल्यात. काही करता येईल का?

प्रतिसाद (जुनी_कॅसेट):
ताई, आवाज स्वच्छ आहे ना? मग टेप गेलेली नसणार. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती: अमेरिकेतलं रेकॉर्डिंग एनटीएससी, आपल्याकडची यंत्रं पाल (PAL). तिथे 525 रेषा, इथे 625, रंगाची पद्धतही वेगळी. म्हणून ते सरकणं.

'आमचा व्हीसीआर एनटीएससी चालवतो' एवढ्यावर भुलू नका. पुष्कळ पाल यंत्रं ती टेप वाचतात, पण बाहेर अर्धवट पाल सिग्नल देतात. टीव्हीवर ठीक दिसतो, पण टेप संगणकात उतरवणारं कॅप्चर कार्ड गडबडतं. बाहेर येणारा सिग्नलही खरा एनटीएससी हवा. फाइल 720 बाय 480, सेकंदाला 29.97 फ्रेम, पालच्या 25 वर आणू देऊ नका. सहा तासांच्या वेगात ट्रॅकिंग (यंत्राचं हेड टेपेवरच्या पट्ट्यांवर नेमकं बसणं) नाजूक असतं, तेव्हा समोर बसून करून घ्या.

भुकटी म्हणजे बहुतेक बुरशी. ती टेप कुठल्याही यंत्रात घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या टेपेला लागेल. आधी सफाई, तीही जाणकाराकडून.

धागाकर्ती:
खूप आभार. दुकानात फोन केला, यंत्र पालचंच निघालं. भुकटीवाली वेगळ्या डब्यात कोरडी ठेवलीय. आता पुणे-मुंबईत असा व्हीसीआर आणि बुरशी काढणारा माणूस कुणाला माहीत आहे का? कुरियरने पाठवायची माझी छाती होत नाही, स्वतः घेऊन येईन.