चौथ्या स्टेजचं माणूस घरात आहे, तुमच्याकडं खरंच काय कामाला आलं?

खानापूरची लेक:
नमस्कार मंडळी. आईचं २०१९ ला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो, रेडिएशन सगळं उरकलं आणि आम्ही गावात पेढे पण वाटले. २०२२ ला मांडी दुखते म्हणून दाखवलं तर तिथं पोचलेलं. हाडाचा कॅन्सर नव्हे, ब्रेस्टचाच, हाडात जाऊन बसलेला, म्हणजे चौथी स्टेज, एवढं कळायला मला दोन अपॉइंटमेंट लागल्या. आता गोळ्या चालू आहेत, ती घरी आहे, रातांबे फोडते, वैनीशी भांडते. पूर्ण बरं होणार नाही असं डॉक्टरांनी सरळ सांगितलंय, खरं माणूस आहे की आपल्यात. अशा घरात काय उपयोगी पडलं ते लिहा. 'पॉझिटिव्ह राहा' नको, ते व्हॉट्सॅपवर रोज सकाळी येतंय.

शहापूरची मास्तरीण:
इथं पेशंट मीच. चौथं वर्ष चालू आहे. हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, म्हणून लेट्रोझोलची गोळी रोज, पाल्बोसिक्लिबची गोळी २१ दिवस आणि मग ७ दिवस सुट्टी. केस जाग्यावर आहेत, वजन उलट वाढलंय, त्यामुळं लोकांना वाटतं ही नाटक करत्येय. गणपत गल्लीत भाजी घेताना जुन्या शेजारीण काकू भेटल्या, "झाली काय गं संपून ट्रीटमेंट?" मी म्हटलं काकू ही संपत नसते, एक औषध चालतं तोवर चालवायचं, चालायचं थांबलं की दुसरं. त्यांचं तोंड एवढंसं झालं, मग मीच त्यांचा हात धरून धीर देत उभी, आणि मिरच्या घ्यायच्या राहिल्या त्या राहिल्याच.
ऑक्टोबरात गुलाबी फुगे लावून कार्यक्रम असतात, सगळी भाषणं 'लवकर ओळखा, बरे व्हा'. बरोबरच आहे, खरं मी त्या हॉलमध्ये कुठल्या खुर्चीवर बसायचं? १३ ऑक्टोबर हा आमच्यासारख्यांचा, म्हणजे पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरवाल्यांचा दिवस असतो हे मला एका नर्सनं सांगितलं.
कामाला आली ती धाकटी जाऊ. 'काही लागलं तर सांग' म्हणणारे चाळीसजण आहेत, ही विचारतच नाही. रक्त तपासायच्या दिवशी दुपारचा आमटी-भात तिच्याकडून येतो, बस्स. पांढऱ्या पेशी कमी आल्या की गोळीचा पुढचा फेरा आठवडाभर ढकलतात, पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं संपलं सगळं. आता ती म्हणते, "मिळाली की अजून एक आठवडा सुट्टी." पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला पाटल्या मोडल्या, जानेवारी २०२३ ला पाल्बोसिक्लिबचं पेटंट संपलं, जेनेरिक आल्या, तेव्हा कुठं श्वास घेतला.

निपाणीकर:
आमच्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. लिव्हर आणि मणक्यात गेलेलं. डॉक्टर दरवेळी विचारायचे शून्य ते दहा मध्ये दुखणं किती, आणि आई माझ्याकडं बघायची. एकदा म्हणाली, "दहातलं काय कळत नाही बाबा, आण्यात सांगू काय?" तिथनं पुढं आमचं तेच. उठताना सहा आणे, कूस बदलताना बारा आणे, रात्री दोनला सोळा आणे. मी कालनिर्णयवर लिहून ठेवायचो आणि ते पान फाडून डॉक्टरांना दाखवायचो. तिथली कानडी नर्स पण आईला आण्यातच विचारायला लागली.
आता माझी चूक लिहितो. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा मला वाटलं हे शेवटचं औषध, सवय लागेल, गल्लीत कळलं तर लोक भेटायला यायला लागतील. म्हणून तीन आठवडे मी अर्धीच गोळी दिली, ती पण फार ओरडली तरच. खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी कालनिर्णय बघितलं, सगळे सोळा सोळा, आणि बाहेर बोलावून चांगलं झापलं. घड्याळ बघून चार-चार तासांनी द्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही, आणि मलावरोध होणारच म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासनं सोबत. आठवड्यात चार आण्यावर आली, ओसरीत बसून भाजी निवडायला लागली. त्यानंतर आई आठ महिने होती. म्हणजे 'शेवटचं औषध' वगैरे काय नव्हतं. ते तीन आठवडे मात्र माझ्या खात्यावर. आणि हो, ही गोळी कुठल्याही मेडिकलात मिळत नाही, २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा थोडा सैल झाला तरी मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळते, तेव्हा संपायच्या आधी चार दिवस हालचाल करा.

चिकोडीहून:
हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. बायकोला कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी चालू आहे, दोन आठवडे गोळ्या एक आठवडा बंद. तळहात तळपाय लाल होतात, साल निघते, ते ठाऊक होतं. न्यायबेले अंगडीत, म्हणजे रेशन दुकानात गेली तर मशीनवर अंगठा लागेना. तो म्हणतो हात धुवून या. चारदा धुतला, पदराला पुसला, मागं लाईन ओरडायला लागली, शेवटी रडत रिकामी पिशवी घेऊन घरी. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले या गोळीनं ठसे पुसट होतात कधीकधी, क्रीम लिहून दिलं. आता रेशनला मी जातो, माझा अंगठा. गरम पाण्यात हात नको म्हणून भांडी पण मीच घासतो. आमच्या म्हातारीला ते बघवत नाही, ती त्या वेळेला देवळात जाते.

बसनं फिरणारी:
माझी फक्त टीप. बेळगाव-हुबळी असेल तर कर्नाटकच्या शक्ती योजनेत बाईला शून्य तिकीट, जून २०२३ पासनं, आधार कार्ड जवळ ठेवा. कोल्हापूरच्या गाडीला ते चालत नाही. मुंबईला टाटाला जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत विसरू नका, दवाखान्याच्या फॉर्मवर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसी पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. आम्ही दीड वर्ष पूर्ण भाडं भरलं, कुणी बोललंच नाही.

आत्याचा भाचा:
आमच्यात आत्याला सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट इंग्रजीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आत्याला मराठीशिवाय काय येत नाही, त्यामुळं लपवायला सोपं गेलं. 'गाठ आहे, गोळ्यांनी जाईल' एवढंच. त्यात एका झाडपाल्यावाल्याच्या नादी लागून चार महिने घालवले, ते जाऊ दे. कोल्हापुरातल्या एका काउंटरवर आमचं कन्नड कार्ड वाचता येईना म्हणून तासभर वाद झाला (२०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर झाली तेव्हा आम्हाला वाटलेलं आता सगळं सोपं, हं), आणि त्या वादात मीच मोठ्यानं म्हणालो, "अहो फोर्थ स्टेज आहे!" आत्या मागं बाकड्यावर बसलेली.
परत येताना गाडीत कोण बोलेना. हत्तरगीच्या पुढं आल्यावर म्हणाली, "मला दवाखान्यातल्या झाडूवाल्या बाईनं दोन महिन्यांमागंच सांगितलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो." आमच्याकडं बायका पण 'होतो'च म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिनं वकिलाला बोलावून शेताचं नीट करून घेतलं, धाकटीच्या लग्नाची बोलणी पुढं ओढली. सहा महिने आधी सांगितलं असतं तर हे सगळं तिनं निवांत केलं असतं.

वॉर्डातली सिस्टर:
नोकरीतलं सांगते. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की सण, निघायचं, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. मणक्यात असलेल्या पेशंटची कंबर अचानक जास्त दुखायला लागली, पायातली ताकद गेली, मुंग्या आल्या, लघवी अडली तर त्याच दिवशी, उशीर झाला तर पाय परत येत नाहीत. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला बीपी, सुई नको म्हणून सांगा, आम्ही पण घाईत चुकतो. आणि खानापूरच्या ताई, आईंना हाडासाठीचं झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन देतात काय? देत असतील तर दात काढायचा झाल्यास आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, जबड्याची जखम भरत नाही कधीकधी.

खानापूरची लेक:
सिस्टर, देतात, दर तीन महिन्यांनी, आणि तिची दाढ महिनाभर हलतेय! आमच्या डोक्यातच आलं नाही. निपाणीकर दादा, तुमचं वाचून आत्ता आईला विचारलं आण्यात सांग म्हणून. "पाय दोन आणे, आणि तुझ्या बडबडीनं डोकं आठ आणे." लिहून ठेवलंय. दाढेचं सोमवारी डॉक्टरांना फोन करून विचारते.